सोळाव्या चालीचं काय?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलं बुद्धिबळ खेळायला जमतात. त्यांतला दहा वर्षांचा एक मुलगा क्लासला जातो. सिसिलियन बचावाच्या पंधरा चाली त्याला पाढ्यांसारख्या येतात. एका रविवारी त्याच्यासमोर आजोबांकडून खेळ शिकलेली एक मुलगी बसली. तिनं राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं. यानं वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं. दुसऱ्याच चालीला तिनं वजीर उचलून तिरका थेट पटाच्या कडेला नेला. "काका, ही चाल पुस्तकात नाही," असं तो मला म्हणाला, जणू तिनं फाउलच केला होता. मग घोड्यासमोरचं प्यादं एक घर सारून त्यानं वजिराला हुसकावलं. वजीर आडवा सरकला आणि उंटासमोरचं ते पहिलं प्यादं फुकट घेऊन मोकळा झाला.

वजीर निघाला कुठून हे त्यानं पाहिलं होतं. तो कुठे कुठे बघतोय, हे मात्र नाही.

'ओपनिंग पक्कं करा, बाकीचं आपोआप येतं' हे मत आज इतकं रूढ झालंय, की पालकही मूल कितव्या चालीपर्यंत 'पोचलं' ते विचारतात. या मताच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतात. एक, सुरुवात चांगली झाली की अर्धा डाव जिंकला. दुसरी, ग्रँडमास्टर हेच करतात.

दुसरी गोष्ट खरी आहे, म्हणून आधी तीच घेऊ. वरच्या पातळीवर घोकंपट्टी इतकी वाढली, की खुद्द बॉबी फिशरला तिचा वीट आला. 1996 मध्ये ब्युनोस आयर्सला त्यानं मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायचा खेळ जाहीर केला. त्यात सुरुवातीच्या मांडण्या 960 होतात, पाठ करून करणार किती? पण ग्रँडमास्टर चाली पाठ करतो, कारण पंधराव्या चालीला मिळालेला इवलासा फायदा पुढच्या चाळीस चालींत वठवण्याची ताकद त्याच्याकडे आधीपासून असते. आमचा गडी अठराव्या चालीला घोडा उघड्यावर सोडतो. तो इवलासा फायदा त्याच्या कुठल्या कामाचा? पहिल्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं.

यावर कुणी उदाहरण मागेल, तर मीर सुलतान खानचं घ्या. पंजाबातला हा माणूस देशी नियमांनी खेळत मोठा झाला. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं, म्हणजे युरोपातली ओपनिंगची पुस्तकं तिथं निरुपयोगी. इंग्लंडला गेल्यावर त्यानं 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्यानं माजी विश्वविजेता कापाब्लांकालाही हरवलं. त्याची सुरुवात कच्ची होती आणि कधीकधी त्याला ती भोवायचीही, हे मान्य. पण कच्च्या सुरुवातीनिशी माणूस तिथवर जाऊ शकतो. कच्च्या शेवटानिशी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

मग शिकायचं काय? माझ्या मते आधी एकच सवय: समोरच्यानं चाल केली की हात मांडीखाली ठेवायचे आणि 'हे मोहरं तिथं का आलं, आणि ते हलल्यामुळे मागे काय उघडं पडलं' एवढं स्वतःला विचारायचं. हौशी खेळाडूंचे बहुतेक डाव डावपेचांवर नव्हे, या न विचारलेल्या प्रश्नावर जातात.

'घोडा कडेला नको', 'लवकर किल्लेकोट करा', 'वजीर घाईनं बाहेर काढू नका' ही सूत्रं खोटी नाहीत. ती कारणाशिवाय शिकवली जातात, एवढंच. घोडा पटाच्या मध्यावर ठेवून मुलाला मोजायला लावा: आठ घरं. कोपऱ्यात ठेवा: दोन. हे बोटानं मोजलेलं मूल कडेचा घोडा कधी चालतो हेही पुढे स्वतःच ओळखतं. नुसतं सूत्र घोकलेलं मूल मात्र मोहरं मारायची संधी कडेला असली तरी तिकडे फिरकत नाही.

आणि मग शेवट. कापाब्लांकानं 1921 च्या आपल्या पाठ्यपुस्तकाची सुरुवात मात देण्याच्या सोप्या पद्धतींनी आणि मोजक्या मोहऱ्यांच्या डावांनी केली, ती उगाच नाही. पांढरा राजा पाचव्या ओळीत, त्याच्या पाठीशी चौथ्या ओळीत त्याचंच प्यादं, आणि समोर एक घर सोडून काळा राजा. तिघेही पटाच्या मधल्या एकाच उभ्या पट्टीत. आता चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत. ज्याला हलावं लागतं तो वाट सोडतो. कुणी म्हणेल, हेही पाठांतरच की! नाही. इथं तीनच सोंगट्या आहेत. दोन्ही राजे दहा-बारा वेळा फिरवून पाहिले की कारण डोळ्यांना दिसतं, आणि डोळ्यांना दिसलेलं विसरत नाही. सिसिलियनच्या अकराव्या चालीचं कारण मलाही धड सांगता येत नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 च्या जुलैमध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला, आणि तोही पटावर मोजकीच मोहरी उरलेली असताना. एवढं मिळवूनही ती काय म्हणाली, तर आपल्याला एंडगेम शिकायला हवेत. आमच्या क्लासवाल्यांच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. तिचं हे म्हणणं मात्र नाही.

मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांबद्दल फार लिहीत नाही; मजा म्हणून ठीक. संगणकाबद्दल मात्र तक्रार आहे. डाव हरला की मूल लगेच यंत्राला चूक विचारतं, यंत्र बाण दाखवतं, मूल 'अच्छा' म्हणतं आणि पुढच्या डावात तीच चूक करतं. हरलेला डाव आधी वहीत लिहावा, कुठे फसलो ते पेन्सिलीनं स्वतः खुणावं, मग यंत्राकडे जावं. यंत्राची खूण आणि आपली खूण वेगळ्या ठिकाणी निघाली, की तिथं बसून राहावं.

परवा त्या मुलाला घेऊन मी हेच राजा-प्याद्याचं कोडं मांडून बसलो होतो. तासभर झाला असेल. कुणी आधी हलायचं यावरून आमचा वाद रंगला होता, तेवढ्यात त्याचे वडील त्याला न्यायला आले. पटाकडे बघत क्षणभर थांबले आणि काळजीनं म्हणाले, "बाकीच्या सोंगट्या हरवल्या का?"