कर्जाला शहाणा, वाटणीला वेडा

आमच्याकडे एकाच माणसाबद्दल तीन मतं एकाच पारावर ऐकायला मिळतात. शेताच्या वाटणीचा विषय निघाला की, ‘त्याला काय कळतंय, वेडाय तो.’ पतसंस्थेच्या कागदावर जामीनदार हवा असला की, ‘तसा शहाणाय हो, कधीमधी बिघडतो एवढंच.’ आणि वसुलीवाले दारात आले की, ‘सोंग करतोय, पैसे बुडवायचेत त्याला.’ माणूस एकच, आजारही एकच. बदलत जातो तो बोलणाऱ्याचा फायदा.

मला तिसऱ्या मताशी भांडायचंय. कारण ते पारावर थांबत नाही, सरकारी कागदावर चढतं.

समजा, धारूर तालुक्यातलं एक घर आहे. थोरल्या भावाला दहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतून त्याच्या गोळ्या चालू असतात. दिवाळीच्या आसपास धाकटा भाऊ आणि भावजय मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातात. निम्मं गाव रिकामं होतं. घरात उरतात तो आणि म्हातारी आई. गोळ्या आणायला अंबाजोगाईला कोण जाणार? दोन महिन्यांत गोळ्या बंद. नेमकं तेव्हाच पोस्टमन एक पाकीट देऊन जातो. तो ते न फोडता चुलीत घालतो, कारण त्याला ऐकू येणारे आवाज सांगतात की त्यात विष आहे. पुढच्या वेळी कुणीतरी येऊन दारावर कागद चिकटवून जातं. झाली बजावणी. तारखेला तो हजर नाही, म्हणून हुकूमनामा एकतर्फी. आणि एका सकाळी बेलिफ, दोन पंच आणि जप्तीचा कागद दारात उभे. आई हात जोडते. गर्दीतून आवाज येतो, ‘सोंग आहे.’

हे घर मी कल्पनेनं उभं केलंय. त्यातली पायरी मात्र एकही कल्पनेतली नाही. नोटीस, चिकटवून बजावणी, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, सगळं रीतसर. प्रत्येकानं आपापलं काम केलं. फक्त एक प्रश्न कुणीच विचारला नाही. या माणसाला हे कळतंय का?

हा प्रश्न दयेचा आहे असं समजू नका. तो कायद्याचा आहे, आणि जुना आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या आदेश ३२ मध्ये अल्पवयीन मुलांवर दावा झाला तर कोर्टानं त्यांच्यासाठी पालक नेमावा असं सांगितलंय. त्याच आदेशाचा नियम १५ हे संरक्षण मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या माणसाला देतो. त्यासाठी त्याला आधी कुठल्या कोर्टानं मनोरुग्ण ठरवलेलं असण्याचीही गरज नाही. दाव्याच्या वेळी कोर्टानं चौकशी करून तसं दिसलं, तरी पुरे.

आणि कोर्टानं पालक नेमलाच नाही तर? ‘रामचंद्र आर्य विरुद्ध मान सिंग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. एका मनोरुग्ण माणसावर पालक न नेमता हुकूमनामा झाला होता आणि त्याच्या अंमलबजावणीत त्याचं घर विकलं गेलं होतं. न्यायालयानं सांगितलं की तो हुकूमनामा मुळातच शून्य आहे, आणि त्यावरून झालेली विक्रीही शून्य. ‘आता उशीर झाला, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. हुकूमनामाच शून्य आहे ही हरकत संहितेच्या कलम ४७ खाली वसुलीच्या दरखास्तीतही घेता येते.

त्याच संहितेचं कलम ६० म्हणतं की काही गोष्टींना जप्ती लागत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि पोटापाण्यापुरती जनावरं, तो राहत असलेलं घर. कलम ६२ म्हणतं की जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कुणाच्या राहत्या घरात शिरायचं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारलाही कळत होतं की माणसाकडून पैसे वसूल करायचे असतात, माणूस वसूल करायचा नसतो.

पण बीड जिल्ह्यात दारात येणारा माणूस पुष्कळदा कोर्टाचा बेलिफ नसतोच. तो असतो पतसंस्थेचा वसुली अधिकारी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, कलम १०१. पतसंस्था अर्ज करते, निबंधक वसुली दाखला देतो, आणि दिवाणी दावा न चालवताच जप्तीचा रस्ता मोकळा होतो. या दाखल्याला निबंधकाकडे पुनरीक्षण अर्ज करून आव्हान द्यायचं, तर कलम १५४ ची अट आहे की आधी वसुलीच्या रकमेतली निम्मी रक्कम भरा. दोन लाखांचा दाखला असेल तर आधी एक लाख आणा, मग सांगा की मला कागद कळला नव्हता. ज्याच्याकडे गोळ्या आणायला एसटीचं भाडं नाही, त्याला ही अट म्हणजे बंद दार आहे. माझ्या मते मानसिक आजाराचे कागद जोडलेल्या प्रकरणात ही अट काढून टाकली पाहिजे. तेवढी दुरुस्ती विधिमंडळाला जड नाही.

दुरुस्ती होईपर्यंत काय? कलम १०१ मध्येच लिहिलंय की निबंधकानं योग्य वाटेल ती चौकशी करून दाखला द्यावा. आदेश ३२ तिथे जसाच्या तसा लागू होतो की नाही, यावर वकील भांडत बसतील. पण ‘चौकशी’ हा शब्द तर कायद्यातच आहे. कर्जदार किंवा जामीनदार आजारी आहे का, नोटीस त्याला समजली का, घरात दुसरं कुणी जाणतं आहे का, एवढं विचारायला कुठला नवा जीआर लागतो?

आता पलीकडची बाजू. पतसंस्थेतला पैसाही गरिबांचाच असतो, हे खरंय. ठेवी अडकल्या की काय होतं, ते बीडनं अलीकडेच सोसलंय. म्हणून वसुली होऊच नये असं मी म्हणत नाही. पण ठेवीदाराचं रक्षण करायचं असेल तर पहिला जाब त्या अधिकाऱ्याला विचारा, ज्यानं आजारी माणसाची जामीनदार म्हणून सही घेतली. तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. गावात असली गोष्ट लपत नाही.

‘सोंग’ करणारे असतात का? असतीलही. पोटदुखीचं सोंग करून शाळा बुडवणारी पोरंही असतात, म्हणून कुणी अपेंडिक्सचं ऑपरेशन नाकारत नाही. सोंग की आजार हे ठरवायला मनोविकारतज्ज्ञ आहेत, ओपीडीचे जुने कागद आहेत. हे ठरवणं पंचांचं काम नाही, आणि गर्दीचं तर नाहीच.

एक धोका मात्र सांभाळायला हवा. ‘मग असल्या लोकांना कर्जच देऊ नका, त्यांची सहीच घेऊ नका’ हे उत्तर सोपं वाटतं, पण ते पारावरचं पहिलं मतच आहे, वाटणीवालं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ स्पष्ट सांगतो की आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप ‘अस्थिर बुद्धीचा’ ठरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ त्याला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसा सांभाळण्याचा हक्क देतो. मागणी एवढीच आहे की माणसाला कायमचा वेडा ठरवू नका आणि सोयीपुरता शहाणाही ठरवू नका. त्या दिवशी, त्या कागदापुढे, त्याला काय कळत होतं ते पाहा.

हे तुम्ही मोबाइलवर वाचताय, बहुतेक पुण्यात नाहीतर संभाजीनगरात बसून. अशा घरातला शिकलेला माणूस तुम्हीच असता. फोन तुम्हालाच येतो, ‘भावाचे पैसे तू भर.’ तुम्ही जामीनदार नसाल तर ते कर्ज तुमचं नाही. कर्ज मायक्रोफायनान्सचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन आणि नातेवाइकांना छळणं, दोन्हींवर बंदी घातलेली आहे.

गावी जाल तेव्हा कोनाड्यातली पाकिटं फोडा. नोटीस दिसली की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, कोर्टात किंवा सहायक निबंधकांकडे. आजाराचे कागद जोडा आणि पोच घ्या. कोर्टातलं प्रकरण असेल तर आदेश ३२, नियम १५ खाली चौकशी मागा. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात मानसिक आजारही बसतो, ते काढलं नसेल तर काढून घ्या. विधी सेवेचा फोन १५१००. मन सांभाळायला टेलीमानस, १४४१६. आईला हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून द्या.

आणि दारात गर्दी जमली, कुणी ‘सोंग’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, ‘वाटणीच्या वेळी तू काय म्हणाला होतास?’