पश्चिमेची भिंत

मेस्त्रीने चुन्याची फक्की टाकून घराची आखणी केली, त्या दिवशी आईने पहिला प्रश्न विचारला, "माझी खोली कुठली रे?" मी नैर्ऋत्येचा कोपरा दाखवला. वास्तुशास्त्राच्या हिशेबाने घरातल्या मोठ्या माणसाची जागा तीच, असे सगळ्यांनी सांगितले होते. आई क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे संध्याकाळचं सगळं ऊन माझ्याच उशाशी!"

आईचे वय बहात्तर. आमचे भाड्याचे घर चार इंची भिंतींचे, वर उघडा स्लॅब. आदिलाबादचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! पारा ४५ च्या घरात जातो. पण आईला त्रास दुपारचा नाही, रात्रीचा. अकरा वाजता भिंतीला हात लावावा तर तव्यासारखी. दिवसभर प्यालेले ऊन ती रात्री ओकत असते. गेले दोन उन्हाळे आईची झोप अशीच गेली.

पैनगंगेकाठच्या आमच्या गावच्या घरात हे नव्हते. पांढरीच्या मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर कवेलू. 'मातीचं घर थंड' असे आपण सहज म्हणतो, पण खरे श्रेय मातीपेक्षा त्या जाडीला आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण सहा-आठ तास लागतात. दीड हात मातीत ती येईपर्यंत मध्यरात्र उलटते, बाहेर हवा निवलेली असते. आता गजाच्या भावाने घेतलेल्या प्लॉटवर दीड हाताची भिंत कोण घालणार? अर्थशास्त्र शिकवणारा मी तर नाहीच.

मग बाजारात फिरलो. एक दुकानदार राखेच्या विटा दाखवून म्हणाला, "सर, एकदम कूल." रामगुंडम आणि जयपूरच्या वीज केंद्रांतली राख विटेत जिरते ही चांगलीच गोष्ट. सुपीक मातीही वाचते. पण उष्णतेच्या बाबतीत ती लाल विटेची सख्खी बहीण. नाव बदलले म्हणून ऊन अडत नाही.

खरा फरक पडतो तो हलक्या, पांढुरक्या एएसी ब्लॉकने. ही कल्पना मूळची स्वीडनची, १९२० च्या दशकातली. पुण्याकडे बी. जी. शिर्के यांच्या कंपनीमुळे याला 'सिपोरेक्स' म्हणूनच ओळखतात. आत असंख्य बारीक पोकळ्या, त्यांत कोंडलेली हवा. तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीतून जितकी उष्णता येते, तिच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा यातून येतो. आपल्याकडे डिसेंबरात पारा कधी पाच-सहावर उतरतो, तेव्हाही तोच उपयोग.

मेस्त्री मात्र नाराज. "सर, याला भेगा पडतात." त्याचे खोटे नव्हते. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया कच्चा असेल तर कोणतीही भिंत तडकेल, आणि या ब्लॉकची आधी. शिवाय ब्लॉक विटेसारखे भिजत घालायचे नाहीत, जोडाला त्यांचाच पातळ मसाला वापरायचा, कॉलमला भिंत मिळते तिथे गिलाव्याखाली जाळी मारायची. हे सगळे कबूल करून घेतले आणि पश्चिम-दक्षिणेच्या भिंती ब्लॉकच्या, बाकी विटेच्या असे ठरले.

एवढ्यात सौ.ने विचारले, "भिंतींचं झालं, वरचं काय?" खरे सांगतो, मी गप्पच झालो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींवर ऊन नसतेच, सगळे छतावर. एकमजली घरात आधी छताचा खर्च धरायला हवा होता आणि मी भिंतींत पैसे संपवायला निघालो होतो.

मग दिवाणखान्याच्या फरशा स्वस्तातल्या घेतल्या. केरळात घरे बांधणारे लॉरी बेकर स्लॅबच्या खालच्या भागात, सळयांच्या चौकटीत जुनी कवेलू बसवत. तिथले काँक्रीट नुसते वजन वाढवते. गावच्या पडक्या घराची कवेलू रचून ठेवलेलीच होती. इंजिनिअरकडून हिशेब तपासून घेतला आणि ती आणली. आईच्या खोलीवर स्लॅबच्या वर थर्माकोलचे टणक बोर्ड, त्यावर कोबा. बाकी गच्चीवर कोबा आणि पांढरा रंग. तेलंगणात २०२३ पासून थंड छताचे धोरण आहे, पण ६०० चौरस यार्डांखालच्या घरांना सक्ती नाही. म्हणून कोणी विचारत नाही, इतकेच.

मेहुणे म्हणाले, "एवढ्यात एक एसी आला असता." आला असता. पण वीज गेली की तो भिंतीवरचा डबाच. आणि उघड्या स्लॅबखाली तो रात्रभर चालवायचा तर बिल मलाच भरायचे! अर्थात नव्या घरातही शिस्त हवी. दिवसा खिडक्या बंद, सूर्य मावळला की उघड्या. नाहीतर आत शिरलेली उष्णता ह्याच भिंती बाहेर जाऊ देणार नाहीत.

परवा गिलावा झाला. संध्याकाळी पाच वाजता आई आली, पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा टेकवून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "बरी आहे." मग विठोबाची तसबीर लावायला खिळा मागितला. मेस्त्री हसला. साधा खिळा या ब्लॉकमध्ये ढिला पडतो, वेगळा प्लग लागतो. तो आणायला मी उद्या बाजारात जाणार आहे.