ऑटिझमला हात-पायही असतात

माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा असताना शर्टाची पाच बटणं लावायला त्याला अकरा मिनिटं लागायची. मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं होतं. कौतुकानं नाही, चिडून. माझी कॉलेजची बस चुकत होती, आई डबा भरत होती, आणि हा तिसऱ्या बटणावर अडकून बसला होता. ‘‘मुद्दाम करतोस ना?’’ असं मी त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे न बघता ‘‘ताई, बोटं ऐकत नाहीत’’ असं उत्तर दिलं.

त्याला ऑटिझम आहे हे आम्हाला तो पाच वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. त्याची बोटं ऐकत नाहीत, हे मधल्या पाच वर्षांत एकाही तज्ज्ञानं आम्हाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

मरोळला आम्ही मरोळ-मरोशी रोडच्या आतल्या एका बिनालिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना उतरताना तो अजूनही कठडा धरतो आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. शेजारच्या काकू म्हणायच्या, लाडावलाय. शाळेच्या डायरीत बाई लिहायच्या, ‘काम अपूर्ण. आळस करतो.’ पीटीचे सर त्याला बाजूला बसवून दप्तरं सांभाळायला लावायचे. ज्या केंद्रात आम्ही त्याला न्यायचो तिथे आठवड्याला तीन तास बोलण्याचे आणि दोन तास वागणुकीचे. पाच वर्षं आम्ही हे तास भरले, त्यांचे पैसे भरले, रिक्षाचे भरले. मग एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईनं त्याला एका पायावर उभं राहायला सांगितलं. दोन सेकंदांत त्याचा तोल गेला. तिनं आईला विचारलं, ‘‘हे आधी कुणी पाहिलं नाही?’’

माझी तक्रार याच प्रश्नाबद्दल आहे. आपल्याकडे ऑटिझम म्हणजे बोलत नाही, डोळ्यांत बघत नाही, हट्ट करतो, एवढंच. मुलाला शरीर आहे, ते शरीर त्याला रोज दगा देतंय, हे आपल्या तपासणीत नाही, शाळेत नाही आणि घरातल्या बोलण्यातही नाही. आणि जे दिसत नाही त्याला आपण ‘आळस’ म्हणून मोकळे होतो.

ही नवी गोष्ट नाही

कुणाला वाटेल, हे विज्ञान ताजं असेल, म्हणून पोचलं नसेल. तसं नाही. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांवर लिहिलेल्या ज्या लेखापासून ऑटिझमचा इतिहास सांगतात, त्या लेखातच काही मुलांची चाल बेंगरूळ असल्याची नोंद आहे. अर्थात, त्यांची बोटं मात्र कुशल आहेत, असंही कॅनर यांनी लिहून ठेवलं. 1944 साली व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपल्याकडच्या मुलांचा अवघडलेपणा नोंदवला. म्हणजे गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती. पुढे निदानाच्या याद्या तयार झाल्या आणि त्यांत हालचाल मुख्य लक्षण म्हणून आलीच नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका, म्हणजे डीएसएम, जगभर वापरतात. तिच्या चौथ्या आवृत्तीत नियम असा होता की मुलाला ऑटिझमच्या गटातलं निदान मिळालं, तर हालचालींच्या समन्वयाच्या अडचणीचं वेगळं निदान करायचं नाही. 2013 साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा हा नियम गेला. आता दोन्ही निदानं एकत्र करता येतात. दोन्हींत दुसऱ्या अडचणीला नाव आहे, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. जुनं आणि जास्त ओळखीचं नाव डिस्प्रॅक्सिया. शाळेच्या वयातल्या साधारण 5 ते 6 टक्के मुलांना ती असते, ऑटिझम असो वा नसो. साठ मुलांच्या वर्गात तीन-चार मुलं. तुमच्याही वर्गात होती. ज्याला क्रिकेटमध्ये शेवटी निवडायचात, ज्याच्या हातून पाण्याची बाटली रोज सांडायची, तो आठवून बघा.

ऑटिझम असलेल्या मुलांत हे प्रमाण किती? डेलावेअर विद्यापीठातल्या अंजना भट यांनी 2020 साली अमेरिकेतल्या हजारो ऑटिस्टिक मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. सुमारे 87 टक्के मुलांना हालचालींची अडचण असण्याची शक्यता दिसली. फिजिओथेरपी मिळत होती ती जेमतेम 32 टक्क्यांना. ही पालकांची उत्तरं आहेत, प्रत्यक्ष तपासणी नाही, हे मान्य. आकडा थोडा खाली येईलही. पण तो अर्ध्यावर आला तरी ‘काही मुलांना असतं कधीकधी’ असं म्हणता येणार नाही.

आणि आपल्याकडे? प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात ती आयएसएए, 2009 सालची. तिच्यात 40 मुद्दे आहेत, सहा भागांत: सामाजिक नातं, भावनिक प्रतिसाद, भाषा, वागणूक, संवेदना, आकलन. हालचालींचा भाग नाही. शरीर हलतं ते फक्त हात फडफडवणं, चुळबुळ करणं अशा ‘वागण्याच्या’ खुणा म्हणून. मूल काय जास्तीचं करतं हे आपण मोजतो. त्याला काय जमत नाही हे मोजत नाही. 2018 साली पाच ठिकाणच्या भारतीय मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर गोवाही होता. 2 ते 9 वयातल्या जवळपास दर आठ मुलांपैकी एकाला नऊपैकी एक तरी विकासात्मक अडचण आहे, असं त्यातून पुढे आलं. त्या नऊ अडचणींत सेरेब्रल पाल्सीसारखे आजार होते, पण डिस्प्रॅक्सिया नव्हता. जे मोजत नाही त्यासाठी कोण तरतूद करणार?

बटणापासून मैत्रीपर्यंत

‘‘बटण लागलं नाही म्हणून काय बिघडलं? टी-शर्ट घालावा,’’ असं मला एका नातेवाइकांनी सांगितलं होतं. आम्ही टी-शर्ट घातला, वेलक्रोचे बूट घेतले, नाडीची पॅन्ट सोडून इलॅस्टिकची आणली. ते बरोबरच होतं. पण प्रश्न बटणावर थांबत नाही.

बटण लावताना मेंदूला बोटं कुठे आहेत हे न बघता कळावं लागतं, दोन्ही हातांना वेगवेगळं काम द्यावं लागतं, क्रम लक्षात ठेवावा लागतो, चुकलं तर लगेच सुधारावं लागतं. हीच कामं चेंडू झेलताना, पेन धरताना, गर्दीत कुणाला धक्का न देता चालताना लागतात. बोलतानाही लागतात, कारण ओठ आणि जीभ हेही स्नायूच आहेत. ‘बोलत नाही’ असं आपण ज्या मुलाबद्दल म्हणतो, त्याला सांगायचं असूनही तोंडाची हालचाल जमत नसेल, ही शक्यता किती जण तपासतात?

आमच्या गल्लीतलं सांगते. संध्याकाळी इमारतींच्या मधल्या जागेत मुलं क्रिकेट खेळतात. माझ्या भावाला चेंडू झेलता येत नव्हता, म्हणून त्याला घेत नव्हते. घेत नव्हते म्हणून तो जायचा बंद झाला. जायचा बंद झाला म्हणून त्याला कुणी मित्र नव्हता. आणि त्याच्या अहवालात दरवर्षी लिहून यायचं, ‘समवयस्क मुलांमध्ये मिसळत नाही.’ हे वाक्य खोटं नव्हतं. पण त्यातला अर्धा भाग चेंडूचा होता, आणि तो सगळा ऑटिझमच्या खात्यावर टाकला गेला.

अक्षर आणि अक्कल

सगळ्यात मोठा अन्याय वहीत होतो. मराठी घरात सुंदर हस्ताक्षर हा जवळजवळ संस्कारांचा पुरावा असतो. ‘अक्षर बघ, मोत्यासारखं.’ ज्याचं अक्षर किड्या-मुंग्यांसारखं त्याच्या डोक्यातही तसलंच काही असणार, असं आपण धरून चालतो. माझ्या भावाला मेट्रोची सगळी स्थानकं क्रमानं पाठ आहेत आणि भूगोलाच्या पेपरात त्याला नापास केलं होतं, कारण पाच प्रश्नांपैकी दोनच लिहून झाले.

कायदा त्याच्या बाजूनं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. त्यात ऑटिझम आहेच; शिवाय विशिष्ट अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नावही छापलेलं आहे. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि रायटर देण्याची जबाबदारी लिहिली आहे. तरी शाळेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे का?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये उत्तर दिलंय. विकास कुमार नावाच्या यूपीएससीच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, आणि 40 टक्क्यांच्या निकषात बसत नाही म्हणून त्याला रायटर नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, की लिहायला अडचण असेल तर केवळ 40 टक्के भरत नाहीत म्हणून रायटर नाकारता येणार नाही. 2022 साली केंद्र सरकारनं अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ही बातमी ज्या मोबाइलवर तुम्ही हा लेख अंगठ्यानं वर सरकवताय त्यावर आली होती. शाळांच्या स्टाफरूममध्ये ती पोचलेली मला तरी दिसली नाही.

‘पण’ म्हणणाऱ्यांसाठी

पहिला ‘पण’: आता प्रत्येक धांदरट मुलाला लेबल लावायचं का? नाही. धडपडणं हा आजार नाही. प्रश्न इतकाच की त्या धडपडीमुळे मुलाचं रोजचं जगणं, शिकणं, खेळणं अडतंय का. अडत असेल, तर लेबल त्याला आधीच लागलेलं असतं. ‘आळशी’, ‘बावळट’, ‘नाटकी’. वैद्यकीय शब्द निदान शिवी तरी नाही.

दुसरा ‘पण’: आधीच इतक्या थेरप्या, त्यात आणखी एक? हा आक्षेप मला पटतो. या शहरात पालकांच्या भीतीवर मोठा बाजार चालतो. ऑटिझमसाठी स्टेम सेलची इंजेक्शनंही विकली गेली. 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवावा लागला. म्हणून मी महागड्या पॅकेजची मागणी करत नाहीये. डिस्प्रॅक्सियासाठीच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा रोख साधा आहे: मुलाला जे काम करायचंय, त्याच कामाचा सराव, त्याच्या रोजच्या जागी. झोपाळे आणि रंगीत चेंडूंच्या खोलीत वर्ष काढण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि घरीही जमतं.

भावाला त्या ताईनं विचारलं, तुला काय जमायला हवंय? तोपर्यंत हेही त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, मरोळ नाक्याच्या मेट्रोचा सरकता जिना. आम्ही सगळे हस्ताक्षर धरून बसलो होतो, आणि त्याला मेट्रोत जायचं होतं. दीड महिना आम्ही दुपारी, गर्दी नसताना, तिथे गेलो. आधी नुसतं बघायचं. मग पायरी कधी वर येते ते मोठ्यानं मोजायचं. मग माझा हात धरून. मग पट्टा धरून. तो पडला नाही, हे सांगायला आवडलं असतं, एकदा पडला. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा त्या खोल स्थानकात तो माझ्या पुढे उतरला.

तिसरा ‘पण’ माझ्याच पिढीतून येतो: तो जसा आहे तसा स्वीकारा, सुधारायला का जाता? स्वीकारते. त्याचे फडफडणारे हात मला थांबवायचे नाहीत. पण ज्याला स्वतः जिना उतरायचाय त्याला ‘तू आहेस तसा छान आहेस’ म्हणून वरच्या मजल्यावर ठेवणं, याला मी स्वीकार म्हणणार नाही.

मागणं काय

ऑटिझमचं निदान करताना हालचालींची तपासणीही झालीच पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. प्रमाणपत्राच्या मोजपट्टीत तिला जागा हवी. शाळांनी रायटर, जादा वेळ आणि टाइप करण्याची सोय मुलाच्या अडचणीवरून द्यावी, टक्क्यांवरून नाही. हस्ताक्षराचे गुण आणि विषयाचे गुण वेगळे करावेत. पीटीच्या तासाला दप्तरं सांभाळणारा मुलगा नसावा. आणि घरात, गल्लीत, वर्गात, ‘मुद्दाम करतोस ना’ हा प्रश्न बंद व्हावा. शेवटचं काम फुकट आहे आणि आजपासून करता येतं.

पुढच्या वर्षी भाऊ दहावीला बसेल. रायटरच्या अर्जासाठी आईनं आतापासून फाइल केली आहे, तीत पहिल्या पानावर कायद्याच्या कलमाची झेरॉक्स आहे. शर्टाच्या बटणांना त्याला आता चार मिनिटं लागतात. वरचं बटण तो लावत नाही. म्हणतो, फॅशन आहे.