‘तुंबाड’मधली आजी नेमकी कोणाची?

‘तुंबाड’ ऑक्टोबर 2018 मध्ये आला तेव्हा थिएटरात फार चालला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पण साखळदंडात बांधलेली ती आजी आली नारायण धारपांकडून. त्यांची एक कथा दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये एका मित्राने सांगितली होती, ती डोक्यातून गेलीच नाही.

धारपांनी (1925-2008) शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. वाचनालयात ती हातोहात जायची. समीक्षकांनी मात्र त्यांना फारसं विचारलं नाही. भयकथा म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतातच.

गंमत पुढे आहे. धारपांची ‘आजी’ स्टीफन किंग यांच्या 1984 च्या ‘ग्रॅमा’ कथेवर बेतलेली. ‘लुचाई’वरही किंगच्या ‘सेलम्स लॉट’ची दाट छाया.

मग ही उचलेगिरी? कथानक उसनं आहे, हे मान्यच करावं लागतं. पण अमेरिकेतली भीती धारपांनी मराठी घरात आणली आणि बर्वेंनी ती पावसात कुजणाऱ्या वाड्यात नेली. डिंभ्याहून भीमाशंकरला ऐन जुलैत गेलेल्या माणसाला तो अंधार परका वाटत नाही.

आणि हो, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे धारपांच्या पुस्तकांवरचे हक्क 2068 अखेरपर्यंत आहेत. व्हॉट्सॲपवर त्यांच्या पीडीएफ मात्र आजच फुकट फिरतात.