परदेशात जाऊन पाहायचे ते गिऱ्हाईक

राज्याचे कृषी खाते शेतकऱ्यांना परदेश अभ्यास दौऱ्यावर पाठवते. मेडशीच्या कोणाचा नंबर लागला तर जरूर जावे. आमचे म्हणणे एवढेच, की तिथली यंत्रे पाहण्यात अन् फोटो काढण्यात सगळे दिवस घालवू नयेत. गिऱ्हाइकाचे गोदाम पाहावे. माल उघडल्यावर तो काय तपासतो, कशावर नाक मुरडतो, ते पाहावे.

द्राक्षवाल्यांना हे आधी कळले. १९९१ साली त्यांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली अन् माल युरोपला धाडला. २००६ पासून ग्रेपनेटवर बागेची नोंद होते; पेटीवरून बाग सापडते. तरी २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश निघाला अन् कंटेनर अडकले. मार मोठा बसला, पण खोट कुठे आहे ते कळले.

आमच्या कापसाला तेवढेही नशीब नाही. जिनिंगच्या ढिगात पडला की त्याचे गाव संपले. खताच्या पोत्यात भरलेला अन् सुती कापडात वेचलेला, दोन्ही एकाच भावाने! पोत्याचा प्लास्टिक धागा सुतात गेला की रंग धरत नाही, कापड नापास होते. यात वेचणाऱ्या बाईला दोष देऊ नये. स्वच्छ वेच्याला जादा दाम नसेल तर मालक तरी सुती कापड कशाला घेईल?

दौरे बहुधा युरोप-इस्रायलकडे वळतात. आपल्या रुईचे मोठे गिऱ्हाईक तर शेजारी, बांगलादेशात. तिथल्या सूतगिरणीत जाऊन एकच विचारावे: प्लास्टिकचा धागा नसलेल्या गाठीला किती जादा देता? तो आकडा घेऊन यावे. जिनिंगवाल्याशी पुढचे बोलणे आपण सगळे मिळून करू.