हातमोजा हाताला नव्हे, रसायनाला पाहून घ्यावा

हार्डवेअर किंवा रंगसाहित्याच्या दुकानात गिऱ्हाईक 'ग्लोव्हज द्या' एवढेच म्हणते. दुकानदार माप विचारतो, भाव सांगतो आणि शंभर नगांचा खोका पुढे सरकवतो. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या द्रवासाठी हवेत, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच सहसा विचारीत नाही. वस्तुतः त्या सौद्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होय.

शस्त्रक्रियेतील रबरी हातमोज्याचा आरंभही एका रसायनापासूनच झाला. 1890 च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा पाऱ्याच्या जंतुनाशक क्षाराने सोलवटू लागली. तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. एक विशिष्ट द्रव आणि त्यासाठी योजलेला विशिष्ट मोजा, असा तो मेळ होता. पुढे मोजे स्वस्त झाले, खोक्यांत मिळू लागले आणि हा मेळ पाहण्याची सवय मागे पडली.

ती मागे पडली म्हणजे काय घडू शकते, हे 1996 सालच्या एका घटनेमुळे जगाला कळले. डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स मोज्यावर ऑगस्ट महिन्यात डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. मोजा फाटला नव्हता. पुढे केलेल्या चाचण्यांत असे आढळले की, ते द्रव्य अशा मोज्यातून 15 सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होते. जून 1997 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एवढे जहाल द्रव्य कोणत्याही सामान्य कारखान्यात नसते. परंतु मोजा अखंड दिसला म्हणजे हात सुरक्षित राहिला, ही समजूत किती फसवी आहे हे या घटनेने दाखवून दिले. द्रवाचे रेणू मोज्याच्या पदार्थात मुरतात आणि आतल्या बाजूने बाहेर पडतात. छिद्र दिसत नाही, रंगही बदलत नाही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. लॅटेक्स हे रबराच्या झाडाच्या चिकापासून होते. ते लवचीक असते, पण तेल आणि पेट्रोल लागताच फुगते, शिवाय काहींना त्याची अॅलर्जी असते. व्हिनाइल सर्वांत स्वस्त. तथापि ते सैल बसते, लवकर फाटते आणि द्रावकांपुढे फारसे टिकत नाही. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेल, ग्रीस, पेट्रोल यांना चांगला विरोध करते, म्हणून गॅरेज व वर्कशॉपमध्ये तेच रूढ झाले. मात्र अॅसिटोन किंवा एमईकेसारखे द्रावक पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच, कधी त्याहूनही आधी, पार होतात. जो मोजा तेलापुढे शूर, तोच अॅसिटोनपुढे दुबळा ठरतो.

या सर्व प्रश्नांची परीक्षा एकाच छपराखाली पाहावयाची असेल, तर घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांचे काम पाहावे. अमेरिकेत अशा हौशी मंडळींची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था 1953 पासून कार्यरत आहे. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले आणि 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले.

अशा कामात पत्रा कापणे, भोके पाडणे, पुसणे, प्रायमर देणे आणि इपॉक्सी लावणे असे टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्याचा मोजा वेगळा असतो. पत्र्याच्या धारेपुढे पातळ मोजा निरुपयोगी. तेथे चामड्याचा किंवा काप न लागणारा जाड मोजा हवा. उभ्या ड्रिल मशीनवर वा लेथवर कोणताच मोजा नको, कारण फिरत्या भागात तो अडकला तर बोटासह ओढला जातो. अॅल्युमिनियम द्रावकाने पुसून स्वच्छ केल्यावर त्यास उघड्या बोटांनी शिवू नये; त्वचेच्या तेलाचा डाग राहिला तर प्रायमर नीट धरत नाही. येथे मोजा हाताबरोबर मालाचेही रक्षण करतो. तो पावडरविरहित असावा, अन्यथा पावडरच पत्र्यावर उतरते. काही प्रायमरमध्ये क्रोमेट असतात. त्यांतील सहा संयुजेचे क्रोमियम कर्ककारक असल्याने मोज्यासोबत योग्य श्वसनमुखवटाही अनिवार्य ठरतो.

सर्वांत फसवे काम इपॉक्सीचे. 1975 साली आकाशात झेपावलेल्या बर्ट रुटान यांच्या 'व्हेरीइझी' विमानाने फोम, काचेचे कापड आणि इपॉक्सी यांची पद्धत हौशी बांधकामात लोकप्रिय केली. इपॉक्सीचा, विशेषतः त्याच्या हार्डनरचा, त्वचेला वारंवार स्पर्श झाला तर अॅलर्जी जडू शकते. महिनोन् महिने काहीच होत नाही आणि एके दिवशी हात सुजतो; त्यानंतर सहसा अल्पसा स्पर्शही सोसत नाही. कुशल कारागिराला आपला व्यवसायच सोडावा लागतो. म्हणून अनुभवी मंडळी नायट्राइलचे दोन थर घालतात आणि वरचा थर चिकट होताच बदलतात. दीर्घ कामासाठी अनेक पापुद्र्यांचे लॅमिनेट मोजे अधिक भरवशाचे. हाताला लागलेली इपॉक्सी अॅसिटोनने पुसणे तर सर्वस्वी वर्ज्य. द्रावक तिला त्वचेत अधिकच खोल नेतो. साबण आणि पाणी हाच मार्ग योग्य.

खरेदी करताना खोक्यावरील चिन्हे वाचावीत. 'ईएन आयएसओ 374' या प्रमाणाखालील चंबूचे चित्र रासायनिक संरक्षण दर्शविते. त्यातील 'टाइप ए' मोजा किमान सहा ठरावीक रसायनांना प्रत्येकी 30 मिनिटे, 'टाइप बी' तीन रसायनांना 30 मिनिटे आणि 'टाइप सी' एका रसायनाला 10 मिनिटे थोपवितो. पहिल्या दोन प्रकारांत चंबूखाली इंग्रजी अक्षरे असतात व प्रत्येक अक्षर एका रसायनाचे असते. पातळ नायट्राइलवर अनेकदा 'के', 'पी', 'टी' आढळतात. ती अनुक्रमे कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड व फॉर्माल्डिहाइड यांची होत. अॅसिटोनचे अक्षर 'बी' आहे. ते तेथे नसेल, तर अॅसिटोनच्या कामासाठी त्या खोक्यावर विसंबू नये. ब्यूटाइल रबराचा मोजा मागावा.

व्यापारी दृष्टीने पाहिले तरी हिशेब स्पष्ट आहे. मोज्याचा खर्च नगावर न मांडता कामावर मांडावा. स्वस्त मोजा चार वेळा फाटून बदलावा लागला, तर तो स्वस्त राहत नाही. एकदाच वापरायचा मोजा धुऊन पुन्हा घालणे ही बचतही खोटी, कारण आत मुरलेले द्रव्य धुतल्याने निघत नाही. ज्यांच्या पेढीत थिनर, रंग वा रेझिन विकले जाते, त्यांनी डब्यासोबत योग्य मोजाही सुचविला तर विक्री वाढते आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही. ज्यांच्या शेडमध्ये कामगार हे द्रव हाताळतात, त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावावा : द्रवाचे नाव, मोज्याचा प्रकार, किती मिनिटांनी बदलावा. खोक्यावरील भाव वाचावयाचा तो या तिन्ही रकान्यांनंतर.