जिवाणूचं नाव चुकलं तर काय बिघडतं?

"डॉक्टर, लघवी लाल झाली, म्हणून गोळ्या बंद केल्या." सिरोंच्यात टीबीचा पेशंट तपासताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. तो लाल-केशरी रंग रिफाम्पिसिन या औषधाचा असतो. त्याने अपाय होत नाही. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या असतात.

ही गोळी मुळात मातीतून आली आहे. १९५७ साली मिलानच्या लेपेटिट कंपनीतल्या संशोधकांना दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पाइनच्या जंगलातल्या मातीत एक जिवाणू सापडला. तो जे रिफामायसिन बनवतो, त्यात रासायनिक बदल करून पुढे रिफाम्पिसिन तयार झालं. आज टीबीच्या उपचाराचा कणा तेच आहे आणि कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातही तेच आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला या दोन रोगांची ओळख करून द्यायला नको.

आता त्या जिवाणूच्या नावाचा प्रवास पाहा. आधी तो 'स्ट्रेप्टोमायसिस' कुळात होता, मग 'नोकार्डिया'त गेला आणि १९८६ मध्ये 'अमायकोलाटॉप्सिस' झाला. २००४ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या गटाने दाखवून दिलं, की याच नावाने जपून ठेवलेला एक वाण प्रत्यक्षात वेगळीच प्रजाती आहे. तिचं नाव ठेवलं 'अमायकोलाटॉप्सिस रिफामायसिनिका'. व्हॅन्कोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन बनवणारे जिवाणूही असेच एका कुळातून दुसऱ्या कुळात गेले आहेत.

यावर माझ्याच व्यवसायातले लोक हसतात. "नावं बदलत बसण्यापेक्षा आरोग्य केंद्राला एक नर्स द्या," म्हणतात. नर्स हवीच. जिल्ह्याच्या ठिकाणापासून इतक्या लांब राहून मी ते नाकारणार नाही. पण नर्सच्या हातात द्यायचं औषधच चालेनासं झालं तर? रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी ही आज कल्पना राहिलेली नाही. म्हणून 'नर्स की संशोधन' हा वाद मला खोटा वाटतो.

शिवाय नाव बदलणं म्हणजे पाटी रंगवणं नव्हे. ते निदान आहे. पूर्वी हे जिवाणू बशीत वाढवून त्यांचा रंग, बीजाणूंच्या साखळीचा आकार आणि ते कोणती साखर खातात हे पाहून ओळखत. म्हणजे नुसता ताप पाहून मलेरिया म्हणण्यासारखं. कधी एकाच जिवाणूला तीन नावं पडली, तर कधी तीन जिवाणू एकाच नावाखाली दडले. त्यामुळे 'नवा' म्हणून वर्षानुवर्षं तपासलेला जिवाणू शेवटी जुनंच औषध बनवणारा निघतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय लिपी, वाचता येते. दोन जीनोममधला सारखेपणा साधारण ९५ ते ९६ टक्क्यांच्या वर असेल तर प्रजाती एक, खाली असेल तर वेगळी. त्याच वाचनात दुसरी गोष्टही कळते: औषधासारखे पदार्थ बनवणारे जनुकांचे गट किती आहेत. २००२ मध्ये 'स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर'चा जीनोम वाचला तेव्हा असे वीसहून अधिक गट सापडले. प्रयोगशाळेत तोवर माहीत असलेले पदार्थ मात्र मोजकेच होते. बाकीचे गट झोपलेले असतात. ते आहेत हे कळलं, तरच कोणी त्यांना जागं करणार.

याचा उपयोगही दिसला आहे. २०१४ मध्ये दिल्लीच्याच संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत रिफामायसिन बनवणाऱ्या जनुकांत नेमका एक बदल केला. त्यातून मिळालेलं नवं रूप रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या टीबीच्या काही जंतूंवरही प्रयोगशाळेत चाललं. ते औषध अजून दुकानात आलेलं नाही. पण कुठल्या जनुकाला हात लावायचा हे माहीत नसतं, तर तो बदल कुणी केला असता?

महाराष्ट्राला तर हे सांगायचीही गरज पडू नये. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ च्या सुमारास थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूला पिंपरीचंच नाव दिलं: 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. तिथलंच ऑरिओफंजिन ज्या 'स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम' कुळातून आलं, ते अख्खं कुळ पुढे स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन झालं. जिवाणू जपणारी दोन मोठी राष्ट्रीय संग्रहालयं आज पुण्यात आहेत. माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे जपलेला औषध बनवणारा प्रत्येक जुना वाण जीनोम वाचून पुन्हा तपासा. मगच नव्या मातीकडे वळा.

आणि वळाल तेव्हा प्राणहिता-गोदावरीच्या काठाकडेही पाहा. सिरोंच्याची माती वडधमच्या डायनासोरांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच मातीतल्या जिवंत जिवाणूंबद्दल कोण विचारतं? गावाच्या जैवविविधता नोंदवहीत झाडं असतात, मासे असतात, पक्षी असतात, जिवाणू नसतो. तो नोंदला जावा, आणि त्यातून उद्या औषध निघालं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाला वाटा मिळावा. ज्याला नीट नावच नाही, त्याच्यावर हक्क कसा सांगणार?

शेवटी दोन सूचना. मातीतून औषध येतं म्हणून जखमेवर माती लावू नका, धनुर्वात होऊ शकतो. आणि लघवी लाल झाली तरी घाबरू नका, कोर्स पूर्ण करा. नवं औषध यायला वर्षं लागतात. तोवर आहे ते वाचवणं तुमच्या हातात आहे.